म्युझियमच्या बरोब्बर समोर

कप हातात असेल तर आधी खाली ठेवा बाई. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा शेजारच्या सुमनताईंना असा ठसका लागला, की अर्धा चहा त्यांच्या साडीवर आणि अर्धा माझ्या नव्या चादरीवर! तेव्हापासून मी आधीच बजावते. फजिती माझी झाली ती झाली, चादरीनं काय पाप केलंय?

तर गोष्ट आमच्या ऋतुजाच्या लग्नाची.

ऋतुजाला स्थळं बघत होतो आणि दोन चांगली स्थळं मी मोडली होती. कशावरून? मोरीवरून. हसू नका म्हटलं ना! माझी आई सांगायची, "सोयरीक करताना बैठकीची खोली बघू नये. ती पाहुण्यांसाठी आवरलेलीच असते. मोरी बघावी, चूल बघावी, पाण्याचा रांजण बघावा. आणि न कळवता जाऊन बघावं." हा नियम मी काटेकोर पाळत आले. पहिल्या घरी मोरीत शेवाळं होतं. दुसऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत पाल. मेलेली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण चांगली खेळत होती! तुम्हीच सांगा, लेक द्यायची अशा घरात?

तिसरं स्थळ घोडेगावजवळचं. मुलगा निखिल, नगरला एमआयडीसीत इंजिनिअर. घरचं पशुखाद्याचं दुकान. बायोडाटात ठळक अक्षरात लिहिलेलं, 'स्वतःचे प्रशस्त घर'. मुलगा त्याच्या मामा-मामीला घेऊन आमच्याकडे देवळालीला येऊन गेला होता. त्याच दिवशी दुकानात माल उतरायचा होता म्हणून आई-वडील काही आले नाहीत. मुलगा सरळ, बोलणं नीट. आणि मुख्य म्हणजे ऋतुजाला आवडला होता. ती तोंडानं काही बोलली नाही, पण पोहे देताना हसली. आमची ऋतुजा पोहे देताना हसली म्हणजे काय समजायचं ते आईला कळतं.

नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, या वेळी मोरीवरनं मोडू नकोस हं."

"मी काय मुद्दाम मोडते का?" मी म्हटलं. "चांगली असली तर कशाला मोडेन?"

पोरीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. पण तिचे डोळे माझ्या काळजात रुतले बघा.

मध्यस्थ होते आमचे बाळूदादा, माझे मावसभाऊ. त्यांना मी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, घर नेमकं कुठं आहे?

"अगं, एकदम सोपं. फाट्यावर उतरायचं, नवीन म्युझियमकडं चालत सुटायचं. म्युझियमच्या बरोब्बर समोर घर. तिथं दोनच इमारती आहेत. चुकायचंच नाही!"

चुकायचंच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

आमचे हे म्हणाले, "अगं, कळवून जा. लोकांना अवघडल्यासारखं होतं."

"कळवलं की मोरी घासून ठेवतात," मी म्हटलं आणि निघाले. सोबतीला नगरहून माझ्या नणंदबाईंना, शालूवन्संना बोलावून घेतलं. त्या उंच आहेत आणि त्यांना बारीक दिसतं. पारख करायला दोन माणसं बरी असतात.

फाट्यावर उतरलो, चालत निघालो. थोड्या वेळानं समोर खरंच दोनच इमारती. रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक.

अलीकडची बघून आम्ही दोघी थबकलोच. दहा-बारा पांढऱ्याशुभ्र पायऱ्या, गोल गोल खांब, निळ्या काचा, वर घुमट आणि फाटकावर सिमेंटचे दोन सिंह!

पलीकडची इमारत म्हणजे मातीचं बसकं घर. भिंतीला गिलावा नाही, मातीत कालवलेलं पाचट तसंच बाहेर डोकावतंय. छपराच्या मधोमध भोक आणि त्या भोकातून कडुनिंबाचं झाड बाहेर आलेलं. दाराच्या जागी नुसती चौकट, दार नाही. कोपऱ्यातून चुलीचा धूर येत होता. पाटी कुठंच नाही.

आता तुम्ही सांगा. यातलं म्युझियम कुठलं आणि घर कुठलं? शाळेच्या सहलीत मी एक म्युझियम बघितलं होतं, त्याला अशाच पायऱ्या आणि असेच खांब होते. आणि दार नसल्याचं म्हणाल, तर शनिशिंगणापूर तिथून हाकेच्या अंतरावर. तिथं घरांना दारं नसतात हे लहान पोरालाही ठाऊक. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते 'प्रशस्त' या शब्दाचं.

"वहिनी," शालूवन्सं म्हणाल्या, "यांच्या छपराला भोक आहे हो."

"आधी चौकशी करू," मी म्हटलं. सोयरिकीत शेजाऱ्यापाशी चौकशी करणं हा आईचा दुसरा नियम. सिंहांच्या फाटकाशी एक गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून झाडांना पाणी घालत होते. चौकीदार असणार. आपलं नाव-गाव कळू द्यायचं नाही असं ठरवून मी अगदी सावधपणे सुरुवात केली.

"दादा, हे सगळं तुम्हीच सांभाळता का?"

"व्हय, मीच. दुसरं हाय कोन?"

"छान ठेवलंय हो. आत बघण्यासारखं काय काय आहे?"

ते हसले. "लई जुनं म्हनाल तर माझी आई हाय, एक्याऐंशी वर्साची. बाकी समदं नवंच हाय."

चौकीदार विनोदी होता! आम्हीही हसलो. मग मी जरा धीर करून विचारलं, "बायकांसाठी सोय आहे का? लांबून आलोय."

"हाय की! जावा आत, डाव्या हाताला. म्युझियमला आलेल्या बाया नेहमी येत्यात. लाजू नका."

मी जाऊन आले. काय सांगू तुम्हाला! संडास-मोरी अशी लख्ख, की तोंड दिसावं. तांब्या घासून पालथा घातलेला, साबणाखाली जाळी, कोपऱ्यात कुठं कणभर शेवाळं नाही. बाहेर आले आणि त्या माणसाच्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली. "शाबास दादा! सार्वजनिक ठिकाणी इतकी स्वच्छता मी आजवर बघितली नाही. तुमचा कुणीतरी सत्कार केला पाहिजे."

गृहस्थ जरा बावचळले. "सार्वजनिक?" असं काहीतरी पुटपुटले. मी समजले, कौतुकानं लाजले.

"आणि एक सांगू का? रागावू नका," मी म्हटलं, कारण मला खोटं बोलवत नाही. "ते सिंह तेवढे काढा. मांजरासारखे दिसतात."

त्यांनी सिंहांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा सिंहांकडे बघितलं.

मग मी मुद्द्यावर आले. "समोरच्या बाई कशा आहेत हो?"

"बाई व्हय? लई शानी! मानसाला मानूस जोडती. पर हट्टी. आमी म्हनलं, बाई, गिलावा करा, फरशी घाला, आमच्यासारखे दोन खांब उभे करा. ऐकतीय व्हय! शेनानं सारवती अन् बसती."

शहाणी आणि हट्टी. ही माझ्या ऋतुजाची सासू! मी मनात खूणगाठ बांधली आणि रस्ता ओलांडला.

चौकट इतकी बुटकी, की शालूवन्संचं कपाळ खाडकन आपटलं. आत गेलो तर मधे मोकळं अंगण, त्यात तो कडुनिंब, भोवती ओटा. सारवण मात्र सुरेख, बोटांच्या रेघा एकसारख्या. एका बाजूला चुलीपाशी एक म्हातारी भाकरी थापत होती. तिनं मान वर करून "या" म्हटलं आणि पुन्हा भाकरीला लागली. ना कोण म्हणाली, ना कुठल्या म्हणाली.

मग काय, आम्ही पारख सुरू केली. मी रांजणात हात घालून बघितला. पाणी गार, तळ स्वच्छ. भिंत नखानं जरा खरवडून बघितली, माती पक्की होती. शालूवन्सं पुढच्या खोलीत गेल्या आणि पांढऱ्याफटक होऊन परत आल्या.

"वहिनी, नऊ पाटे-वरवंटे आहेत. नऊ! आणि मिक्सर एकही नाही."

"असतील जुने."

"आणि पलीकडच्या खोलीत बारा पाळणे आहेत."

"किती?"

"बारा. ओळीनं टांगलेत. वहिनी, यांना सून हवीय का अंगणवाडी काढायचीय?"

मी स्वतः मोजायला निघाले. तेवढ्यात आतून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, बारीक कापलेले पांढरे केस, कोपरापर्यंत चिखलानं भरलेले हात.

"या, या! बसा ना ओट्यावर. हौसाबाई, दोन चहा टाका." बोलणं शहरी, पण गोड. "कसं वाटलं?"

"हे... सगळं तुमचं?" मी विचारलं.

"माझं कसलं! सगळ्यांचंच आहे. मी फक्त बांधलं."

"गिलावा राहिलाय वाटतं?"

"राहिला नाही, मुद्दाम केलाच नाही. भिंतीच्या पोटात काय आहे ते दिसायला नको? घोडेगावच्या गुरांच्या बाजारातलं शेण आहे, नदीकाठची माती आहे, राहुरीकडच्या उसाचं पाचट आहे. गिलावा केला की सगळ्या भिंती सारख्याच."

"पाऊस आला की?"

"येतो ना आत! यायलाच हवा. अंगणात पाऊस येत नसेल तर माणसानं बाहेर बघायचं कशाला?"

"आणि चौकट एवढी बुटकी?" शालूवन्संनी कपाळ चोळत विचारलं.

"आत येताना प्रत्येकानं थोडं वाकावं म्हणून."

आमच्या वन्संचा चेहरा बघण्यासारखा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या सोयऱ्यांना वाकवायची ही पद्धत त्यांना मुळीच पटली नाही.

"इथं माणसं किती?" मी धीर करून विचारलं.

"एरवी चाळीस-पन्नास. रविवारी मात्र दोन-तीनशे होतात."

"दोन-तीनशे! आणि भाकऱ्या?"

"एकट्या हौसाबाई करतात. बाकीचंही खूप असतं. खरं तर एखादी चांगली मुलगी मिळाली तर फार बरं होईल."

आला विषय! मी पदर सावरला. "आमची मुलगी आहे. त्यासाठीच तर आलोय."

"अरे वा! काय शिकलीय?" बाई एकदम खुलल्या.

"बी.कॉम. संगणकाचंही केलंय."

"उत्तम. लाजाळू नाही ना? इथं सारखं अनोळखी लोकांशी बोलावं लागतं. दहा ते सहा उभं राहावं लागतं. सोमवारी मात्र पूर्ण सुट्टी."

"म्हणजे सोमवारी माहेरी आली तर..."

"कुठंही जाऊ दे! सोमवार तिचा."

मी शालूवन्संकडे बघितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पहिले सहा महिने बघू," बाई अगदी मोकळेपणानं म्हणाल्या. "जमलं तर कायम करून टाकू."

"आणि नाही जमलं तर?"

"मग दुसरी बघावी लागेल, काय करणार! याआधीही दोघी येऊन गेल्या. पहिली तीन महिन्यांतच गेली. दुसरी फार गुणी होती हो, पण तिचं लग्न ठरलं."

"इथं... इथं असताना लग्न ठरलं?"

"हो ना! आम्ही सगळेच गेलो होतो अक्षता टाकायला."

शालूवन्संच्या हातातला चहा सारवणावर सांडला. म्हातारीनं चुलीपासून "असू द्या, जमीन पिईल," म्हटलं.

मी उठून उभी राहिले. तुम्ही मला ओळखता. मी कधी कुणाला मोठ्यानं बोलत नाही. भाजीवाल्याला सुद्धा अहो-जाहो करते. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे पोहे देताना हसलेली ऋतुजा आली आणि माझा आवाज चढला.

"बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या दिसता. पण माझी लेक काही घोडेगावच्या बाजारातली गाय नाही, सहा महिने दूध काढून बघायचं आणि नाही पटलं तर सोडून द्यायचं! नऊ पाटे, बारा पाळणे, छपराला भोक, आणि आधीच्या दोन सुना गेल्या त्याचं तुम्हाला काही नाही? मुलगा चांगला आहे हो तुमचा, माझ्या लेकीला आवडलाय. म्हणून मी छप्परसुद्धा पोटात घातलं असतं. पण ही सोयरीक आता होणे नाही!"

बाई तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिल्या. चिखलाचा हात त्यांनी गालाला लावला तो तसाच.

"मुलगा?" त्या म्हणाल्या. "कुठला मुलगा? माझं लग्नच झालेलं नाही."

आणि तेवढ्यात चौकटीतून वाकून आत कोण आलं म्हणता? चौकीदार! पायजमा खाली सोडलेला, वर सदरा घातलेला, डोक्याला टोपी.

"बाई, हिकडं दोन पाव्हन्या आल्यात का? देवळालीच्या. आमच्या निखिलचं घर बघायला निघाल्यात म्हनून बाळूदादांचा फोन आला आत्ता. मंडळींनी पोह्याला फोडनी घातलीय, अन् पाव्हन्यांचा पत्ता न्हाई..."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

माझी त्यांच्यावर पडली.

त्या क्षणी मला काय काय आठवलं म्हणून सांगू! सिंह आठवले. मांजरं आठवली. 'सार्वजनिक ठिकाणी' आठवलं. विहीणबाईंच्या मोरीत जाऊन आल्यावर व्याह्यांना शाबासकी दिलेली आठवली. धरणीमाता दुभंगून पोटात घेते म्हणतात ना, तिथली जमीन तर चहासुद्धा पीत होती, पण मला काही घेईना.

"म्हणजे हे..." मी ओट्याकडे बोट केलं.

"म्युझियम," बाई म्हणाल्या.

"आणि ते..."

"आमचं घर," व्याही म्हणाले. "प्रशस्त."

मी तोंडाला पदर लावला आणि मला रडूच फुटलं. लेकीनं एवढं विनवलं होतं, मोरीवरनं मोडू नकोस. आणि मी तर सिंहांवरनं, पाळण्यांवरनं, न झालेल्या सासूवरनं मोडून ठेवलं! आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ?

पण त्या बाई! त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांचेही डोळे भरलेले. मला वाटलं, मी फार लागेल असं बोलले.

"ताई, तुम्हाला कळत नाहीय तुम्ही काय केलंत," त्या म्हणाल्या. "मी इमारती बांधते. म्युझियम म्हटलं की आपल्या बायका दारातच बिचकतात. चपला कुठं काढू, हात लावला तर रागावतील का, असं होतं त्यांचं. म्हणून मी पायऱ्या केल्या नाहीत, काचा लावल्या नाहीत. वस्तूला पाटी लावली की लोक पाटी वाचतात आणि वस्तू बघायची राहते, म्हणून पाटीही नाही. गावोगावच्या लोकांनी आपापले पाळणे, पाटे आणून दिले, ते हात लागेल असे ठेवले. तरी लोक येतात ते हात मागं बांधून, कुजबुजत फिरतात. तुम्ही पहिल्याच! रांजणात हात घातलात, भिंत खरवडलीत, वर घरमालकिणीला झापलंत. हे माणूस फक्त घरातच करतं."

म्हणजे बघा, माझी फजिती ही त्यांची परीक्षा पास झाल्याची पावती होती. मला त्यातलं तेव्हा निम्मं कळलं, पण रडू थांबलं.

मी व्याह्यांपुढे हात जोडले. "दादा, चुकले. काय वाट्टेल ते बोलले मी."

ते टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "आवं, चुकलं कशापायी? बाळूदादा म्हनले हुते, पाव्हनीबाई मोरी बघून सोयरीक करत्यात. मंडळी चार दिवस झाले धसका घिऊन बसल्या हुत्या, की कवा यायच्या अन् काय म्हनायच्या. तुमी तर येताक्षनी बघून, शाबासकी दिऊन मोकळ्या झाल्या! आता मोडता कशी?"

आईचा नियम मी अक्षरशः पाळला होता. न कळवता गेले होते, मोरी बघितली होती, शंभरपैकी शंभर गुण दिले होते. फक्त कुणाला दिले ते माहीत नव्हतं.

फोडणीचे पोहे गार व्हायच्या आत आम्ही खाल्ले. एक्याऐंशी वर्षांच्या आजींच्या पाया पडले. सोयरीक झाली, लग्नही झालं. आणि गंमत म्हणजे ऋतुजा आता समोरच्याच म्युझियममध्ये कामाला आहे. दहा ते सहा. सहा महिने बघितलं, जमलं, कायम झाली. सोमवारी माहेरी येते.

सिंह अजून आहेत. व्याही म्हणतात, तुमी म्हनला म्हनून तर काढनारच न्हाई.

बाईंनी त्यांच्या म्युझियमला आजही पाटी लावू दिलेली नाही. पण व्याह्यांनी मात्र आपल्या फाटकावर, दोन्ही सिंहांच्या मधोमध, मोठ्या अक्षरात पाटी रंगवून घेतलीय: 'हे घर आहे.'

जाणारे-येणारे थांबून हसतात. एवढ्या मोठ्या बंगल्याला अशी पाटी कशाला, म्हणून विचारतात.

ऋतुजा अगदी शांतपणे सांगते, "माझी आई येते ना अधूनमधून."